चित्रं काढायला पीसी जोडला, त्यात ग्राफिक कार्ड नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. चित्रकामासाठी घरी पीसी जोडला, आयुष्यात पहिल्यांदाच, पैसेही बऱ्यापैकी घातले, आणि त्यात वेगळं ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा स्वतंत्र पार्ट, नाहीये. ऐरोलीला माझा मावसभाऊ राहतो, दिवसा आयटीत नोकरी आणि रात्री दोन वाजेपर्यंत गेमिंग, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो पाच सेकंद गप्पच. मग म्हणाला, "ताई, मग त्याला पीसी कशाला म्हणतेस?"

तर का नाही घेतलं आणि ते पैसे कुठे गेले, ते सगळं लिहिते.

माझं काम म्हणजे मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, आतली रेखाटनं, मधूनच कुणाच्या लोणच्या-मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र. सगळं टू डी. रंगवायला क्रिता आणि क्लिप स्टुडिओ, आणि प्रेसला पाठवायच्या आधी फोटोशॉप, कारण प्रेसवाल्यांना पीएसडी नाहीतर टिफ लागते आणि तीही सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत. जुना लॅपटॉप सहाव्या जनरेशनच्या आय५ चा, ८ जीबी रॅम. चालत होता तसा, कुरकुरत. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर लागतो, म्हणजे हा त्यातून बादच. मग म्हटलं आता दुसरा लॅपटॉप घेऊन परत त्याच चक्रात अडकण्यापेक्षा पीसीच जोडूया, निदान उद्या काही कमी पडलं तर तेवढाच पार्ट बदलता येईल.

मग रीतसर यूट्यूब. 'बेस्ट पीसी बिल्ड' असं टाकलं की जे काही समोर येतं ते सगळं गेमिंगचं, आणि 'क्रिएटर बिल्ड' म्हणून जे येतं तेही गेमिंगचंच, फक्त कॅबिनेट पांढरं. प्रत्येक यादीत बजेटचा जवळजवळ निम्मा पैसा ग्राफिक कार्डवर, आणि मॉनिटर म्हणजे शेवटी जे उरेल त्यात, त्याचं नावही बऱ्याचदा नसतं. क्रिएटर म्हणजे त्यांच्या डोक्यात व्हिडिओ एडिट करणारा माणूस असतो. बसून दोनशे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, रंगवणारी बाई कुणाच्या यादीत नाही.

म्हणून मी याद्या बाजूला ठेवल्या आणि माझी सगळ्यात जड फाइल उघडली. कुणी आता मला विचारलं की कुठला पार्ट घेऊ, तर मी आधी हेच करायला सांगते. तुझी सगळ्यात जड फाइल उघड आणि ती काय खाते ते बघ, पार्टचं नंतर बोलू.

हे बघायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. क्रितामध्ये खालच्या पट्टीत चित्राचा आकार आणि त्याच्या बाजूला मेमरीचा आकडा असतो, त्याच्यावर माउस धरला की लेयर्सना किती, अनडूला किती, असं फोड करून सांगतो. फोटोशॉपमध्ये खाली डावीकडे जो फाइलचा साइझ दिसतो ना, तिथल्या बाणावर क्लिक करून 'एफिशिअन्सी' निवडायचं. तो आकडा १०० टक्के असेल तर काम रॅममध्येच चाललंय, त्याच्या खाली उतरला की समजायचं फोटोशॉप डिस्कवर उसनवारी करायला लागलंय, त्यालाच स्क्रॅच डिस्क म्हणतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुखपृष्ठाची फाइल उघडली की हा आकडा असा काही घसरायचा की मी तो बघायचंच सोडून दिलं होतं.

साधा हिशोबच करा की. ए३ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर, ४९६१ गुणिले ३५०८, साधारण पावणेदोन कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर ७० एमबीच्या आसपास. हे ८ बिटचं झालं, १६ बिटमध्ये काम केलं तर दुप्पट, १४० एमबी. असे साठ लेयर भरले की ८ बिटमध्येच चार जीबीच्या वर, आणि अजून अनडूची हिस्ट्री धरलेली नाही. लाइनआर्टसाठी ६०० डीपीआय घेतलं तर पिक्सेल चौपट. आता सगळे लेयर काही काठोकाठ भरलेले नसतात, आणि ही सॉफ्टवेअर रिकाम्या जागेची मेमरी वाचवतात, त्यामुळे खरा आकडा कमीच येतो, पण त्याच वेळी ब्राउझरमध्ये संदर्भाचे पंचवीस टॅब उघडे असतात, दुसऱ्या फाइलमध्ये पात्रांचं शीट उघडं असतं, मागे गाणी चालू असतात, आणि विंडोज स्वतः किती खातं ते तर विचारूच नका.

एवढ्यावरून माझ्यासाठी १६ जीबी काठावर आणि ३२ जीबी निवांत, हे ठरलं. ६४ लागत नाही. म्हणजे ज्याला फाइलमध्ये भिंतीएवढी फ्लेक्स करायची आहे त्याला लागेल, मला नाही.

आणि नेमकी आत्ताच रॅम महागलीये. २०२५ च्या शेवटाला मेमरीच्या किमती ज्या काही चढल्या त्याला कारण एआयची डेटा सेंटर, चिप बनवणाऱ्या कंपन्यांना तिकडे विकण्यात जास्त पैसा आहे म्हणून आपल्यासारख्यांसाठीचा माल आटला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मी इथे कुठल्याही पार्टची किंमत लिहीत नाहीये, मी टाइप करेपर्यंत बदललेली असेल. दुकानात कोटेशन मागितलं तर माणूस रॅमच्या ओळीसमोर पेनने 'आज का रेट' असं लिहून देत होता, सोन्याच्या पेढीवर लिहितात तसं.

एकदा मनात आलं की एएमडी कंपनीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या जुन्या खाचेवर, जाऊ, मागच्या पिढीची डीडीआर४ रॅम घेऊ, स्वस्त पडेल. पण डीडीआर४ पण काही मागे राहिली नव्हती, आणि तो सॉकेट २०१६ चा, त्याच्यात पुढे काही नवीन यायचं नाही. एएम५ २०२२ ला आला आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढे तो चालवू असं सांगितलंय, म्हणजे चार वर्षांनी फक्त प्रोसेसर काढून दुसरा बसवता येईल अशी आशा ठेवायला जागा आहे. एएम५ वर नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच चालते, दुसरा पर्याय नाही. म्हणून नाक मुठीत धरून डीडीआर५ घेतली, १६ जीबीच्या दोन स्टिक.

आठच्या चार का नाही, तर दुकानदार नेमकं तेच गळ्यात मारत होता, त्याच्याकडे आठच्या पडून होत्या. एएमडीच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्येच रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरना दोन स्टिक असतील तर ५२००, आणि चारही स्लॉट भरले तर ३६०० असा वेग दिलाय. वर परत पुढे वाढवायची वेळ आली तर चारही काढून फेकायला लागणार. दोनच घ्या, मोठ्या घ्या.

आता प्रोसेसर आणि कार्ड, म्हणजे जिथे भावाचं आणि माझं वाजलं तो भाग.

मला समजायला वेळ लागला ती गोष्ट अशी की ब्रश हे मुळात प्रोसेसरचं काम आहे, कार्डचं नाही. पेन टेकवून एक फटका ओढला की सॉफ्टवेअर त्या रेषेवर ब्रशचे ठसे एकापुढे एक मारत जातं, शेकडो. साध्या ब्रशचे ठसे तरी वाटून करता येतात, क्रिताने काही ब्रशना तशी सोय केलेलीही आहे, पण स्मज ब्रश घ्या, ज्याने ओला रंग पसरल्यासारखा दिसतो, तो काय करतो तर खालचा रंग उचलतो आणि पुढे नेतो. म्हणजे मागचा ठसा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला काय उचलायचं हेच माहीत नसतं. तिथे प्रोसेसरमध्ये सोळा कोअर, म्हणजे काम करणारे सुटे हात, असले काय आणि सहा असले काय, एक कोअर राबतो आणि बाकीचे बघत बसतात. त्यामुळे चित्रकाराने बघायचं ते कोअर किती हे नाही, तर एकेक कोअर किती जोरात पळतो हे, रिव्ह्यूमध्ये 'सिंगल कोअर' किंवा 'सिंगल थ्रेड' असा आकडा असतो तो.

मग कार्ड काय करतं? कॅनव्हास स्क्रीनवर दाखवणं, झूम करणं, फिरवणं, सरकवणं. फोटोशॉपचे काही फिल्टर. हे सगळं टू डीला प्रोसेसरच्या आतलं बारकं ग्राफिकसुद्धा करतं. मी घेतलेल्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरमध्ये आत फक्त दोन युनिटचं ग्राफिक आहे, गेमरला ते बघून हसू येईल, पण माझं पान झूम करायला ते पुरतं. ते स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच घेतं, हे मात्र लक्षात ठेवायचं, ३२ जीबी घेण्याला हेही एक कारण.

भाऊ म्हणाला मग निदान ८६०० जी तरी घे, त्याच्या आतलं ग्राफिक कितीतरी तगडं आहे. आहेच. पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी वेगवान मेमरी, १६ एमबी आणि ७६०० ची ३२. मला आतलं ग्राफिक तगडं नकोय, मला प्रोसेसर तगडा हवाय, आणि उद्या कार्ड टाकलं तर ते तगडं ग्राफिक नुसतं बसून राहणार. त्यात ७६०० हा ६५ वॅटचा, बॉक्समध्ये कूलर फुकट येतो. ७६०० एक्स वर एक अक्षर जास्त आहे पण तो १०५ वॅटचा आणि कूलर वेगळा घ्यायचा, ठाण्यात मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हा हिशोब महत्त्वाचा आहे.

माझ्यासारखं कार्डाशिवाय जोडणार असाल तर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' नाही ना हे बघा. एफ म्हणजे आत ग्राफिक नाही. ७५०० एफ, १२४०० एफ हे थोडे स्वस्त मिळतात म्हणून दुकानात पुढे करतात, आणि ते कार्डाशिवाय बसवले तर सगळे पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही.

ज्यांना कार्ड लागतंच त्यांनी माझं अजिबात ऐकू नका. ब्लेंडर या थ्री डी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सने रेंडर करायचं, म्हणजे शेवटचं चित्र तयार करून घ्यायचं असेल तर कार्डाशिवाय जन्म जाईल, आणि तिथे एनव्हिडियाचं ऑप्टिक्स, म्हणजे त्यांच्या कार्डांवर रेंडर पळवणारं तंत्र, अजूनही सगळ्यात पुढे आहे, एएमडी आणि इंटेलची कार्डंपण चालतात पण लोक ब्लेंडरसाठी एनव्हिडियाच का घेतात ते उगाच नाही. व्हिडिओ, ॲनिमेशन एक्सपोर्ट, घरच्या मशीनवर एआयचं काही, तिथेही कार्डच. मी फक्त एवढंच म्हणतेय की टू डी रंगवणाऱ्याने पहिल्या दिवशी घेतलंच पाहिजे असं काही नाही. मदरबोर्डवर तो लांब स्लॉट रिकामाच आहे, कुठे पळून जात नाही.

मग कार्डाचे पैसे गेले कुठे, तर स्क्रीनमध्ये.

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाली होती, स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असते. एनटीएससी हे स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एक माप. एनटीएससीमध्ये ७२ टक्के असेल तेव्हा ती साधारण पूर्ण एसआरजीबीच्या, म्हणजे फोन-वेबसाइटच्या नेहमीच्या रंगांच्या पल्ल्याच्या, जवळ जाते, मग ४५ म्हणजे काय ते समजा. गणपतीच्या चित्रात शेंदरी आणि केशरी शेजारी शेजारी लावले की दोन्ही सारखेच मळके दिसायचे. मी रंगांचे आकडे बघून काम करायचे, डोळ्यांनी नाही. आरजीबीचे आकडे पाठ झाले होते इतके. मग तेच चित्र मैत्रिणीच्या फोनवर बघितलं की अंगावर यायचं, इतकं भडक.

तेव्हा पॅनेल आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं, एसआरजीबी ९९-१०० टक्के, २७ इंच, २५६० बाय १४४०. ह्यात तडजोड नाही. २७ इंचाला १९२० बाय १०८० घेतलं तर पिक्सेल डोळ्यांना टोचतात, तेवढं रिझोल्यूशन २४ इंचापर्यंत ठीक आहे. डीसीआय-पी३ चे, म्हणजे एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगांच्या पल्ल्याचे, मोठे आकडे बॉक्सवर लिहिलेले असतात, पण माझं अर्धं काम फोन-वेबसाइटसाठी एसआरजीबीत आणि अर्धं सीएमवायकेत छापायला जातं, त्यामुळे जास्त रंग दाखवणाऱ्या स्क्रीनवर एसआरजीबीचा मोड नीट चालतो का हे जास्त महत्त्वाचं, नाहीतर सगळंच भडक दिसतं आणि छापून आलं की फिकं. कर्व्ह मॉनिटर मात्र नकोच. बरेचसे व्हीए पॅनेलचे असतात, कोपऱ्यातून बघितलं की सावल्या बदलतात, आणि वाकलेल्या स्क्रीनवर सरळ रेष सरळ आहे की नाही हे कसं ठरवणार?

मॉनिटर दुकानात जाऊन बघितला. पेन ड्राइव्हवर स्वतःची तीन चित्रं नेली होती, एक सगळं शेंदरी-पिवळं, एक रात्रीचं निळं-काळं, आणि एक नुसत्या राखाडी छटांच्या पट्ट्या. दुकानात मॉनिटरवर जो डेमो चालू असतो, पोपट आणि समुद्र आणि फुगे, त्याच्यावर काहीही छानच दिसतं. रात्रीच्या चित्रात झाडाच्या बुंध्यामागे एक मांजर आहे, अगदी काळोखात काळी. दोन मॉनिटरवर ते मांजर दिसलंच नाही. ज्याच्यावर दिसलं तो घेतला. दुकानातला मुलगाही मग वाकून वाकून मांजर शोधायला लागला.

पेन डिस्प्लेचा, म्हणजे ज्याच्या स्क्रीनवरच काढता येतं त्याचा, मोह झाला होता. सध्या नाही घेतला, माझा जुना बिनस्क्रीनचा टॅब्लेट चालतोय. पण पुढे घ्यायचा म्हणून मदरबोर्ड बघताना एक गोष्ट तपासली ती सांगते. ह्या पेन डिस्प्लेच्या जाहिरातीत 'एकाच टाइप-सी केबलने जोडा' असं असतं, लॅपटॉपला ते खरंय, पण डेस्कटॉपच्या बहुतेक मदरबोर्डांच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही, नुसता डेटा. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. नसेल तर तीन तोंडांची केबल, एचडीएमआय वेगळी, यूएसबी वेगळी. म्हणून मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही असलेला बोर्ड घेतला, एकावर मॉनिटर, एक पुढच्यासाठी मोकळा.

बोर्ड बी६५० चा, मायक्रो एटीएक्स म्हणजे आकाराने जरा लहान, चार रॅम स्लॉट, एसएसडी बसवायच्या दोन एम डॉट टू खाचा, आणि बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून बदलायचं फ्लॅशबॅक बटण. आरजीबी दिवे नसलेला मिळाला याचा आनंद वेगळाच. स्क्रीनच्या बाजूला इंद्रधनुष्य नाचत असेल तर रंग काय कपाळ कळणार.

एसएसडीत, म्हणजे फाइल साठवायच्या डिस्कमध्ये, फार डोकं लावलं नाही. १ टीबी, जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची, आत टीएलसी प्रकारची मेमरी, बास. जेन ५ घेऊ नका. पीएसडी सेव्ह व्हायला जो वेळ लागतो तो बहुतेक डिस्कचा नसतोच, फाइल कॉम्प्रेस करण्याचा असतो, आणि ते काम प्रोसेसर करतो. फोटोशॉपच्या प्रेफरन्समध्ये फाइल हँडलिंगमध्ये पीएसडीचं कॉम्प्रेशन बंद करायची सोय आहे, ते केलं की फाइल मोठी होते पण सेव्ह पटकन होते, फुकटात. जुन्या लॅपटॉपमधली साटा एसएसडी काढून आत लावली, ती आता फक्त स्क्रॅचला. आणि बॅकअपची हार्ड डिस्क वेगळी, बाहेरची, कपाटात.

पॉवर सप्लायवर मात्र थांबले. कॅबिनेटबरोबर 'फ्री' येतो तो एसएमपीएस काढूनच टाका, लोक लाखाची मशीन त्याच्यावर चालवतात. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के नुसते वीज किती वाया जाते तेवढं सांगतात, आतला माल कसा आहे ते नाही, त्यामुळे त्या मॉडेलचा रिव्ह्यू वाचावा लागतो. मला आज २०० वॅटसुद्धा लागत नाहीत पण ६५० चा घेतला, उद्याच्या कार्डासाठी, परत सगळ्या वायरी उपटायला नकोत.

आणि यूपीएस. आमच्याकडे मानपाड्याला पहिला पाऊस पडला की लाइट जाणार हे ठरलेलं, कधी पाच मिनिटं कधी दोन तास, आणि जाताना एकदा डोळा मारून मग जाते. क्रिता ऑटोसेव्ह करतं, क्लिप स्टुडिओ पण रिकव्हरी देतं, पण तेवढ्यात मोठी फाइल सेव्ह होत असली तर तीच खराब व्हायची. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, मला कार्ड नसल्यामुळे मॉनिटर धरूनसुद्धा पुरतो. हे कुणी जमेला धरत नाही, पण बिनकार्डाच्या मशीनला यूपीएसही लहान लागतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं आणि जाळीमागे धुळीचा फिल्टर, काढून धुता येणारा. घोडबंदर रोडच्या आसपास जे राहतात त्यांना हे समजावून सांगायला नको. एकीकडे मेट्रो, एकीकडे टॉवर, सकाळी टेबल पुसलं की संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

खरेदी निम्मी ठाण्यात, निम्मी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण टॅक्सीवालाही लॅमिंग्टनच म्हणतो. ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, ग्रँट रोडला उतरून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. भाऊ बरोबर होता, त्याचा फायदा असा की तो भाव करतो आणि तोटा असा की प्रत्येक दुकानात तो कार्डांच्या शेल्फसमोर थांबतो. पहिल्या दुकानात काउंटरवरच्याने सरळ विचारलं, "गेमिंग के लिए या ऑफिस यूज़?" मी म्हटलं ड्रॉइंग. तो म्हणाला, "मतलब ऑटोकॅड?" नाही हो, ड्रॉइंग, चित्रं. मग त्याने शांतपणे ऑफिसवर टिक केली.

बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के वाचतील असं एका ठिकाणी सुचवलं गेलं. माझं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, ते पैसे मला परत मिळणार नाहीत, तरी बिल घेतलंच, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घेतला. प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते ती सीलबंद बॉक्सवर, प्लास्टिकच्या डबीतला ट्रे पीस स्वस्त मिळतो पण त्याच्या वॉरंटीचं तो दुकानदार जाणे आणि त्याचं नशीब जाणे. कॅबिनेट आणि मॉनिटर मुद्दाम ठाण्यात घेतले. काचेचं दार असलेलं कॅबिनेट घेऊन संध्याकाळी दादरला फास्ट पकडायची असेल तर तुमच्या हिमतीला सलाम, आम्ही बाकीच्या पिशव्या घेऊनच लगेजच्या डब्यात घुसलो आणि एका मासळीच्या रिकाम्या पाटीला टेकून घरी आलो. मदरबोर्डच्या खोक्याला अजून वास येतो.

जोडणं हा भाग मला वाटला होता त्याच्यापेक्षा सोपा निघाला, खरंच. लहानपणी मेकॅनो जोडलाय त्याला जमेल. एएम५ च्या प्रोसेसरला पिना नसतात, पिना बोर्डवर असतात, त्यामुळे तो वरून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आणि मग लिव्हर लावताना कर्रर असा आवाज येतो तेव्हा काळजात धस्स होतं पण तो आवाज तसाच असतो. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. सगळ्यात वैताग ती पॉवर बटणाची बारीक वायर, दोन-दोन पिनांची, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून लावली.

आणि पहिल्यांदा बटण दाबलं की काय होतं, तर काही होत नाही. पंखे फिरतात, बोर्डवर एक बारका पिवळा दिवा लागतो, स्क्रीन काळी. डीडीआर५ पहिल्या वेळी रॅमची जुळवाजुळव करते, मेमरी ट्रेनिंग म्हणतात, त्याला काही मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांत स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. मला हे माहीत होतं, वाचलं होतं, भावालाही माहीत होतं, तरी दोघंही श्वास रोखून त्या दिव्याकडे बघत बसलो आणि आई आतून विचारत होती, "झालं का रे? चहा ठेवू?" त्या वेळात घाबरून मागचं बटण बंद करू नका, एवढंच. बायोस आल्यावर एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने पळवणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ६००० ची रॅम पैसे भरूनही हळूच पळत राहते, आणि बदललं की परत एकदा तोच काळा पडदा, परत ट्रेनिंग.

विंडोज टाकल्यावर पहिलं काम टॅब्लेटचं केलं. टॅब्लेटची चित्र काढायची जागा १६:१० आणि मॉनिटर १६:९, असं असलं की हाताने गोल काढला तरी स्क्रीनवर थोडा पसरट येतो. ड्रायव्हरमध्ये 'फोर्स प्रपोर्शन' असं असतं ते टिक केलं की टॅब्लेटची खालची थोडी पट्टी वाया जाते पण गोल गोल येतो. दुसरं काम म्हणजे क्रिताच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये जाऊन मेमरीची मर्यादा वाढवणं, ती आपोआप साधारण निम्म्या रॅमवर अडवलेली असते, आणि क्लिप स्टुडिओतही तशीच एक सेटिंग आहे. आणि स्क्रीन पिवळट करणारा विंडोजचा नाइट लाइट बंद, कायमचा.

मग ती जड फाइल उघडली. स्मज ब्रश, मोठा, आठशे पिक्सेलचा, सरळ आकाशावरून ओढला. अगदी लोणी नाही म्हणणार, एवढ्या मोठ्या ब्रशला अजूनही थोडा मागे राहतो, पण पूर्वी ओढून हात उचलायचे आणि मग रेष यायची, आता रेष हाताबरोबर येते. फोटोशॉपची एफिशिअन्सी १०० वर. भावाने दहा मिनिटं शांतपणे बघितलं, झूम केलं, फिरवलं, मुद्दाम त्रास देऊन बघितला, आणि म्हणाला, "ठीक आहे. पण गेम नाही चालणार हां." नकोच आहे चालायला, माझी डेडलाइन बुडेल.

आता यादीत एकच मोठी गोष्ट राहिलीये, मॉनिटर कॅलिब्रेट करायचं यंत्र, ते स्क्रीनवर टेकवून रंग मोजतात ते. कंपनीतून कॅलिब्रेट होऊन आलेला मॉनिटरही वर्षभरात सरकतो, आणि छपाईचं काम असेल तर पांढऱ्याची छटा आणि ब्राइटनेस हे मोजून लावावं लागतं, डोळ्यांनी जमत नाही. पण ते महाग आहे आणि महिन्यातून एकदा वापरायचं, म्हणून मी आणि नौपाड्यातल्या दोघी मैत्रिणी मिळून एकच घेतोय. दिवाळी अंकांची कामं जुलैत सुरू होतात, त्याच्या आत घ्यायचंय. फक्त ते कुणाच्या घरी राहणार यावरून अजून वाद चालू आहे.